‘सेट’ या क्रियापदाच्या कसोटीवर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लांब नोंद एखाद्या जडजंबाल शास्त्रीय संज्ञेची नव्हती. ती ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ६०,००० शब्दांच्या त्या नोंदीत नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेले होते आणि ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’ यांसारखी जोडरूपे व वाक्प्रचार धरले तर हा आकडा ५८० च्या आसपास जात होता. इंग्रजीत तीन अक्षरांत लिहिला जाणारा हा शब्द प्राथमिक शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो, आणि बहुधा म्हणूनच तो शब्दकोशात शोधावा असे कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत परीक्षणासाठी मी मुद्दाम तोच शब्द घेतला आहे. हा कोश आता प्रामुख्याने संगणकावर, वर्गणी भरून वापरला जातो. तेव्हा एखाद्या नित्याच्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उगम जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला, शिक्षकाला किंवा अनुवादकाला तो नेमके काय देतो आणि कोठे हात आखडता घेतो, एवढाच प्रश्न येथे तपासायचा आहे. तुलनेसाठी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा विनामूल्य व्युत्पत्तिकोश शेजारी ठेवला आहे.

अशा क्रियापदांनी कोशकारांना फार पूर्वीपासून घाम फोडला आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत याच जातीच्या क्रियापदांविषयी उघड तक्रार केली असून त्यांच्या यादीत ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ यांच्या पंगतीला ‘सेट’ही बसलेला आहे. या शब्दांचे अर्थ इतके सैल आणि वापर इतका अनिश्चित असतो की त्यांना व्याख्येत पकडताना आपले श्रम फार वाढले, असा त्या तक्रारीचा आशय आहे. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या कोशाची, म्हणजे याच ऑक्सफर्ड कोशाची, कल्पना निघाली, १८७९ मध्ये जेम्स मरी संपादक झाले, १८८४ मध्ये पहिला भाग छापून आला आणि १९२८ मध्ये काम पुरे झाले. ‘सेट’ ज्या अक्षरगटात येतो तो मरी यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला होता. तीन स्तंभांच्या मोठ्या पानांवर ही एकच नोंद अठरा पानांच्या आसपास पसरली, तिचे १५४ मुख्य विभाग झाले आणि त्यांतील शेवटच्या, म्हणजे ‘सेट अप’च्या विभागात पोटअर्थांना लावायला रोमन वर्णमाला अपुरी पडली, एकदा शेवटपर्यंत जाऊन दुहेरी अक्षरांनी पुन्हा आरंभ करावा लागला आणि तो दुहेरी ‘आर’पाशी थांबला.

या कोशाचे मुख्य तत्त्व असे की अर्थ वापराच्या लोकप्रियतेनुसार मांडायचे नाहीत; शब्दाच्या इतिहासानुसार मांडायचे, आणि प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ वेगवेगळ्या काळांत प्रत्यक्ष वापरणाऱ्या लेखनातून कालक्रमाने अवतरणे द्यायची. त्यामुळे ‘सेट’ची नोंद उघडल्यावर आजचा वाचक प्रथम बुचकळ्यात पडतो. त्याला ‘घड्याळ लावणे’ किंवा ‘संगणकावर एखादा पर्याय ठरवणे’ हवे असते, आणि समोर येतो तो ‘बसायला लावणे, बसवणे’ हा जुना अर्थ. परंतु घाईत नसलेल्या वाचकाने हा क्रम सोडून देऊ नये, कारण पुढचे शेकडो अर्थ याच एका कृतीतून निघाले आहेत. कोंबडी अंड्यांवर बसवणे, निखळलेले हाड बसवणे, कोंदणात खडा बसवणे, येथे तर मराठीचे ‘बसवणे’ जसेच्या तसे चालते. त्यापुढे एखादी वस्तू तिच्या नेमक्या जागी ठेवण्याचा अर्थ येतो आणि मग मराठीला दर पावलाला क्रियापद बदलावे लागते: टेबल मांडणे, सापळा लावणे, शीड उभारणे, छापखान्यात खिळे जुळवणे, परीक्षेची प्रश्नपत्रिका काढणे, कवितेला चाल लावणे, किंमत ठरवणे, उदाहरण घालून देणे. हलणारी गोष्ट एका जागी पक्की झाली की तीही ‘सेट’ होते. म्हणून ओले सिमेंट घट्ट धरते तेव्हा आणि पातळ जेली थिजते तेव्हा इंग्रजीला दुसरे क्रियापद लागत नाही. शिकारीचा माग लागताच जमिनीलगत दबून निश्चल होणाऱ्या कुत्र्याच्या जातीला ‘सेटर’ हे नाव पडले, तेही याच घरातले.

सूर्यास्ताचे प्रकरण यात सर्वांत देखणे आहे आणि कोशाची पद्धत कोठे उपयोगी पडते ते त्यावरून नीट दिसते. सूर्य ‘सेट’ होतो, असे इंग्रजी माणूस म्हणतो तेव्हा वाक्यात कर्म नसते. मग बसवले कोणाला आणि कोणी, हा प्रश्न साहजिक आहे. नुसता आजचा अर्थ सांगणाऱ्या कोशातून याचा उलगडा होत नाही. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेत्लगंग’ असा एक शब्द होता. त्यातील ‘सेत्ल’ म्हणजे आसन आणि ‘गंग’ म्हणजे जाणे, अर्थात सूर्याचे आपल्या आसनाकडे जाणे. आकाशातल्या ज्योती दिवसाअखेरीस आपल्या जागी जाऊन बसतात, ही कल्पना क्रियापद या अर्थाने रूढ होण्याच्या आधीपासून भाषेत मुरलेली होती, असे दिसते. एकाच पानावर शतकानुशतकांची अवतरणे पाहता येत असल्यामुळे असे दुवे वाचकाला स्वतः जोडता येतात. मात्र ते त्याने स्वतःच जोडायचे असतात. कोश दोन नोंदींना एकत्र आणून गोष्ट सांगत बसत नाही.

येथेच व्युत्पत्तीच्या भागाकडे वळावे लागते आणि माझी मुख्य नापसंतीही येथेच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या, जुन्या वळणाच्या नोंदींत व्युत्पत्ती म्हणजे बहुधा आप्त शब्दांची दाट मांडणी असते. जुने इंग्रजी ‘सेत्तन’, जुने नॉर्स ‘सेत्या’, डच ‘झेटन’, जर्मन ‘झेत्सन’, गॉथिक ‘सत्-यन’ ही रूपे आणि त्यांच्याबरोबर हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे अशी टीप, एवढ्यावर विषय आटोपतो. हे सर्व बिनचूक आहे आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला पुरेसेही आहे. परंतु ज्याला ‘प्रयोजक रूप’ म्हणजे येथे काय घडले हे समजून घ्यायचे आहे, त्याच्या हाती फक्त एक संज्ञा पडते. इतक्या प्रशस्त जागेत, साठ हजार शब्दांच्या नोंदीत, या एका गोष्टीसाठी आणखी चार ओळी खर्च करायला हरकत नव्हती, असे मला वाटते, कारण ‘सेट’चे सारे रहस्य या प्रयोजकात आहे.

ते थोडक्यात असे. प्राचीन जर्मानिक भाषेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, गॉथिक यांच्या समान पूर्वज भाषेत, मूळ क्रियापदाच्या भूतकाळी रूपातील स्वर घ्यायचा, त्याला ‘यन’सारखा प्रत्यय जोडायचा आणि ‘ती क्रिया दुसऱ्याकडून घडवणे’ या अर्थाचे नवे क्रियापद तयार करायचे, अशी रीत होती. ‘सिट’चा भूतकाळ ‘सॅट’, म्हणून बसवणे ते ‘सत्-यन’. गॉथिकने हा ‘अ’ टिकवला. जुन्या इंग्रजीत मात्र प्रत्ययातील ‘य’ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले, ‘अ’चा ‘ए’ झाला, ‘त’ दुहेरी झाला आणि काम आटोपल्यावर ‘य’ स्वतः नाहीसा झाला. उरले ते ‘सेत्तन’. आजच्या इंग्रजीत या जुन्या कारखान्यातून निघालेल्या आणखी काही जोड्या शिल्लक आहेत, पण त्या जोड्या आहेत हे बोलणाऱ्यांच्या ध्यानी नसते: ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, ‘राइझ’ म्हणजे उठणे आणि ‘रिअर’ म्हणजे उभे करणे, वाढवणे, ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात पाजणे, आता चिंब भिजवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड तोडून पाडण्यासाठी वापरले जाणारे ‘फेल’ ही जोडी तर मराठी वाचकाला हातावरच्या रेषांइतकी ओळखीची वाटायला हवी. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तरणे–तारणे, चरणे–चारणे या आपल्या जोड्यांतही आतला स्वर बदलूनच प्रयोजक होते. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतातील ‘पातयति’, ‘मारयति’ यांसारख्या प्रयोजकांमधून मराठीला ही घडण मिळाली आणि संस्कृत व जर्मानिक या दोन्ही शाखांना ती आदि-भारोपीय भाषेतून, म्हणजे या दोहोंच्या समान मूळ भाषेतून, मिळाली.

इतकेच नव्हे, तर ‘सेट’चे सख्खे भावंड संस्कृतात हजर आहे. ‘बसणे’ या अर्थाचा भारोपीय धातू संस्कृतात ‘सद्’ म्हणून आला. त्याचे प्रयोजक ‘सादयति’, म्हणजे बसवतो, आणि हे रूप ज्या साच्यातून आले त्याच साच्यातून गॉथिकचे ‘सत्-यन’ आणि इंग्रजीचे ‘सेट’ आले आहेत. हा धातू आपण रोज वापरतो. संसद, परिषद, सदन, सदस्य, सभासद, उपनिषद हे सारे एकत्र किंवा जवळ बसण्याचे शब्द आहेत. ‘नीड’ म्हणजे घरटे, यातही हाच धातू ‘नि’ या उपसर्गाला जोडून आकुंचित रूपात दडलेला आहे आणि इंग्रजी ‘नेस्ट’ हा त्याच शब्दाचा जुळा भाऊ आहे. लॅटिनने याच धातूपासून ‘सेदेरे’ केले. त्यातून बैठक या अर्थाचे ‘सेशन’, पुढे बसणारा तो ‘प्रेसिडेंट’, आणि शत्रूच्या गावाबाहेर ठाण मांडून बसणे ते ‘सीज’, म्हणजे वेढा, असे शब्द इंग्रजीत दाखल झाले. ग्रीकमध्ये आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो, त्यामुळे तेथे आसनाला ‘हेद्रा’ म्हणतात आणि ‘कथीड्रल’ व ‘चेअर’ हे दोन्ही शब्द तेथून निघून वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत पोहोचले. मराठीतील ‘बसणे’ मात्र या घराण्यातले नाही. ते जुन्या ‘बैसणे’मार्गे ‘उपविश्’पर्यंत जाते.

यातील एक शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. तळाशी बसलेल्या त्या गाळाला लॅटिनवरून आलेला इंग्रजी शब्द ‘सेडिमेंट’, म्हणजे बसलेले ते. संस्कृताने त्याच घटनेतील वरच्या पाण्याकडे पाहिले आणि ‘प्र’ हा उपसर्ग लावून त्या निवळलेल्या पाण्याला ‘प्रसन्न’ म्हटले; माणसाचे मन आणि चेहरा प्रसन्न होणे त्यानंतरचे. ‘प्रसाद’, ‘विषाद’, ‘विषण्ण’ हे शब्दही त्याच ‘सद्’चे. एका भाषेने गाळाला नाव द्यावे आणि दुसरीने नितळपणाला, आणि धातू मात्र एकच असावा, यासारखा आनंद व्युत्पत्तीत क्वचित मिळतो. ऑक्सफर्डच्या कोशात ‘सेट’च्या नोंदीवरून येथवर पोहोचायला बरीच दारे स्वतः उघडावी लागतात. संस्कृतशी या कोशाचे वाकडे आहे म्हणून हे घडते असे नव्हे. पहिल्या आवृत्तीची मुद्रिते वर्षानुवर्षे रोज काही तास तपासून देणारे फिट्झएडवर्ड हॉल हे मूळ अमेरिकी गृहस्थ बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवलेले संस्कृतज्ञ होते. कारण साधे आहे: हा इंग्रजीच्या इतिहासाचा कोश आहे आणि इंग्रजीच्या उंबरठ्यापलीकडे तो मोजकेच पाहतो.

‘सेट’चा वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकाळी धातुसाधित एकच कसे, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. शिक्षक बहुधा ‘पाठ करा’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत ही तीन रूपे वेगळी होती, परंतु शब्दाच्या अखेरीचे स्वर झिजत गेले आणि धातूच्या शेवटी आधीच ‘ट’ असल्यामुळे भूतकाळाचा प्रत्यय त्यात विरून गेला. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘शट’, ‘स्प्रेड’ यांचीही हीच कथा आहे: सर्वांच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’. ऑक्सफर्डच्या नोंदीत रूपांची स्वतंत्र यादी असते आणि तिच्यात शतकांनुसार वर्णलेखन कसे बदलले ते दिलेले असते; ज्याला हे झिजणे डोळ्यांनी पाहायचे आहे, त्याच्यासाठी ही यादी मोलाची आहे. हस्तलिखितांवर काम न करणाऱ्याने ती ओलांडून पुढे जावे.

नाम म्हणून येणाऱ्या ‘सेट’ची नोंद मात्र कोणीही टाळू नये, कारण तेथे या कोशाचे काटेकोरपण उजळून दिसते. चित्रपटाचा ‘सेट’ आणि भांड्यांचा ‘सेट’ हा एकच शब्द आहे असे आपण गृहीत धरतो. पहिला खरोखर क्रियापदापासून निघाला आहे, जागच्या जागी मांडलेले ते सेट. दुसरा, म्हणजे संच किंवा समूह या अर्थाचा, जुन्या फ्रेंच ‘सेत’मधून आला, त्याच्यामागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे, म्हणजे मागे चालणाऱ्यांचा परिवार, अनुयायांचा पंथ, आणि इंग्रजी ‘सेक्ट’ हा शब्दही तोच. ‘सेक्टा’च्या मुळाशी ‘सेक्वी’, म्हणजे मागोमाग जाणे, हे क्रियापद आहे आणि त्याचा संस्कृत प्रतिरूप ‘सच्’ हा धातू होय, ज्यापासून ‘सचिव’ झाला: बरोबर राहणारा, साथ देणारा. म्हणजे एक ‘सेट’ संसदेच्या गोत्रातला आणि दुसरा सचिवाच्या! इंग्रजीत आल्यावर दोघांचा उच्चार एक झाला, अर्थ परस्परांत मिसळले आणि ‘नीट लावून ठेवलेल्या वस्तूंचा संच’ यासारख्या वापरात कोणाचा वाटा किती हे सांगणे दुरापास्त झाले. हे मिश्रण झाले आहे हे कोश मान्य करतो आणि ओढूनताणून निवाडा देत नाही. कोशाची प्रतिष्ठा मला अशा ठिकाणी रास्त वाटते.

साधित शब्दांत ‘अपसेट’ हा कोशाच्या अवतरणपद्धतीचा उत्तम नमुना आहे. आज त्याचा अर्थ उलथवणे, बिघडवणे, मन विस्कटणे. पंधराव्या शतकातील ‘अपसेट’ मात्र नेमके उलटे काम करी: उभे करणे, उभारणे, पक्के बसवणे, म्हणजे आजचे ‘सेट अप’च, फक्त शब्दांचा क्रम फिरवलेला. उलथवण्यासाठी तेव्हा ‘ओव्हरसेट’ होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ‘अपसेट’ने ‘ओव्हरसेट’ची जागा बळकावली आणि स्वतःचा जुना अर्थ जवळजवळ सोडून दिला. जवळजवळ म्हणायचे कारण असे की लिलावात बोली ज्या किमान किमतीपासून सुरू होते तिला अजूनही ‘अपसेट प्राइस’ म्हणतात. तेथे उलथत काहीच नाही, किंमत आधी उभी करून ठेवलेली असते. लिलावाच्या जाहिरातीत हा शब्द वाचून गोंधळलेल्याला या एका नोंदीतून जे समाधान मिळेल, ते अर्थ आणि प्रतिशब्द एवढेच देणाऱ्या कोशांतून मिळणार नाही.

आता विनामूल्य कोशाविषयी. ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हे डग्लस हार्पर या अमेरिकी गृहस्थांनी २००१ च्या सुमारास उभे केलेले आणि मुख्यतः त्यांच्याच श्रमांवर वाढलेले काम आहे. त्यात ‘सेट’ शोधला तर एका परिच्छेदात जर्मानिक प्रयोजक रूप, आप्त शब्द आणि प्रमुख अर्थांची अंदाजे वर्षे मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या परिच्छेदातून भारोपीय धातूच्या स्वतंत्र पानावर जाता येते, जेथे ‘सिट’, ‘सॅडल’, ‘नेस्ट’, ‘सूट’ म्हणजे काजळी, ‘सेशन’, ‘कथीड्रल’ असे विखुरलेले नातलग एकत्र भेटतात. वर संसद आणि घरट्यापर्यंत जो प्रवास केला, तो या पानावरून दोन पावलांत होतो. लेखनही नीरस नाही. परंतु या कोशात अवतरणे क्वचितच असतात. एखादा अर्थ साधारण १३०० पासून आहे असे तेथे लिहिलेले असते, पण कोणत्या वाक्यात, कोणत्या संदर्भात, हे कळत नाही, आणि अर्थाच्या बाबतीत वाक्यावाचून वर्ष हा अर्धा पुरावा असतो. शिवाय हार्पर यांच्या आधारग्रंथांत खुद्द ऑक्सफर्डचा कोश आहे. तेव्हा दोघांचे एकमत झाले म्हणून दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे समजू नये.

ऑक्सफर्डच्या आजच्या आवृत्तीची खरी अडचण तिच्या विषम वयात आहे. तिसऱ्या आवृत्तीसाठी संपूर्ण कोशाची पुनर्रचना चालू असून सुधारित नोंदी २००० पासून संकेतस्थळावर येऊ लागल्या. त्या वर्णमालेच्या आरंभापासून न येता ‘एम’ या अक्षरापासून आल्या. परिणामी लांबीचा मान ‘सेट’कडून प्रथम २००० मध्ये ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’चे ६४५ अर्थ मांडायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले. या शर्यतीच्या बातम्यांतून असा समज पसरला की इंग्रजीत ‘रन’चे महत्त्व वाढले आणि ‘सेट’चे घटले. तसे नाही. जी नोंद नव्या पुराव्यानिशी पुन्हा लिहिली जाते ती फुगते, आणि जिची पाळी यायची असते ती जुन्या आकाराची राहते. दोन नोंदींच्या लांबीची तुलना करताना त्या कोणत्या काळी लिहिल्या गेल्या हे आधी पाहिले पाहिजे. सुदैवाने ही माहिती लपवलेली नाही. प्रत्येक नोंदीवर ती प्रथम केव्हा प्रसिद्ध झाली आणि पुढे केव्हा सुधारली याची टीप असते. ती टीप वाचल्याखेरीज कोणत्याही नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, असा माझा आग्रह आहे. विशेषतः अनुवादकांनी व्याख्यांची भाषा जपून घ्यावी, कारण सुधारणा न झालेल्या नोंदीतील व्याख्या शतकापूर्वीच्या शिष्ट इंग्रजीत लिहिलेली असते आणि तिचा अर्थ लावायला कधी कधी दुसरा कोश उघडावा लागतो.

सोयींपैकी मला सर्वांत उपयोगी वाटली ती ग्लासगो विद्यापीठात १९६५ पासून घडत आलेल्या आणि २००९ मध्ये छापल्या गेलेल्या ऐतिहासिक पर्यायकोशाची जोड. ‘सेट’च्या एखाद्या अर्थावरून या पर्यायकोशात शिरता येते आणि त्याच अर्थासाठी इंग्रजीत कोणत्या काळी कोणते शब्द होते हे क्रमाने दिसते. वापरातून गेलेल्या अर्थांना लावलेले कट्यारीचे चिन्हही लहानसे पण चोख आहे. वारंवारता दाखवणारे पट्टे पाहायला बरे वाटतात. ‘सेट’सारख्या शब्दाबाबत ते फारसे काही सांगत नाहीत.

नोंद वाचण्याचा अनुभव मात्र पडद्यावर सुखाचा नाही. अवतरणे मिटवून ठेवली तर अर्थांचा आराखडा डोळ्यांसमोर येतो पण पुरावा नाहीसा होतो, आणि उघडून ठेवली तर पुढचा अर्थ येईपर्यंत मागचा कोणत्या शाखेत होता हे विसरायला होते. छापील खंडात तीन स्तंभांची दोन पाने समोर उघडी असतात, बोट एका अर्थावर ठेवून नजर दुसऱ्यावर नेता येते, आणि ‘सेट’सारख्या पसरट शब्दाला तसेच वाचावे लागते. मोठ्या ग्रंथालयात १९८९ चे वीस खंड असतील तर हा शब्द तेथे जाऊन वाचावा. भिंगासह मिळणारी, नऊ पाने एका पानावर लहान करून छापलेली १९९१ ची एकखंडी आवृत्ती जागा वाचवते, डोळे नाही.

वर्गणीविषयी माझे मत सावध आहे. ज्याला केवळ उगम हवा आहे त्याने पैसे खर्च करण्याचे कारण नाही. हार्पर यांचा कोश त्याला पुरेल आणि अधिक चांगल्या रीतीने समजावील. ज्याला जुने इंग्रजी साहित्य वाचायचे किंवा भाषांतरित करायचे आहे, ज्याला सतराव्या शतकातील वाक्यात ‘सेट’ आला तर तो त्या काळी कोणत्या अर्थाने वापरात होता हे ठरवायचे आहे, त्याला ऑक्सफर्डला पर्याय नाही. अशा वाचकानेही आधी आपल्या विद्यापीठाकडे किंवा सार्वजनिक ग्रंथालयाकडे चौकशी करावी, कारण संस्थेच्या सदस्यत्वातून हा कोश अनेक ठिकाणी वाचकांना मोकळा केलेला असतो. प्रवेश मिळाल्यावर क्रियापदाच्या लांबलचक नोंदीत एकदम उडी न घेता प्रथम नामाच्या नोंदीची व्युत्पत्ती वाचावी, मग ‘अपसेट’, आणि त्यानंतर क्रियापदाच्या केवळ मुख्य विभागांची शीर्षके. ‘सेट अप’चा शेवटचा विभाग वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवलेला बरा.